खंडू ऊर्फ कूलर

आमच्या गल्लीच्या कायदा-सुव्यवस्थेचा इतिहास कुणी कधी लिहायला घेतलाच, तर त्याचे दोन भाग करावे लागतील: खंडूदादांच्या काळातला आणि खंडूदादा गेल्यानंतरचा. एका माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं चाळीस घरं सरळ झालेली मी स्वतः पाहिली आहेत. डाव्या भुवईपासून कानाच्या पाळीपर्यंत गेलेला व्रण, झुपकेदार मिशा आणि कुणाकडेही बघताना एक डोळा बारीक करण्याची सवय. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात 'खंडू ऊर्फ कूलर, टोळीप्रमुख' अशी त्यांची नोंद होती. ठाण्यातल्या जुन्या रजिस्टरवर शहराचं जुनं नाव होतं, नव्यावर नवं आलं. दादांचं नाव मात्र दोन्हींत जसंच्या तसं होतं.

व्रण तलवारीचा आहे असं सगळा मोहल्ला मानत असे. दादांना विचारलं तर ते खरं सांगत, "पत्रा लागला." दादा कूलर दुरुस्त करायचे, आणि कूलरचा पत्रा कापताना तो उसळून तोंडावर आला होता. पण हे कुणी ऐकून घेत नसे. खरा दादा माणूस फुशारकी मारत नाही, असा उलटा अर्थ लोक काढायचे आणि तलवारीची लांबी वीतभर वाढवायचे. डोळा बारीक करण्याची सवयही पत्र्याची धार बघून बघून लागलेली होती.

टोळी मात्र खरोखर होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दादांच्या दुकानाबाहेर उलट्या ठेवलेल्या कूलरवर चार जण बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचे. शेजारच्या गल्लीतही असेच चार जण एका भट्टीसमोर बसायचे आणि बघायचे. त्यांचा म्होरक्या रऊफभाई, पिढीजात नानवाला. दोन्ही टोळ्यांचा धंदा म्हणजे बघणं. वर्षातून एकदा क्रिकेटवरून मारामारी व्हायची आणि एकदा पतंगावरून. खटला झाला तो फक्त एक. दादांनी दुरुस्त केलेल्या कूलरचा रऊफभाईंना शॉक बसला. त्यांनी येऊन दादांच्या कानाखाली वाजवली, दादांनी हातात होती ती कूलरची जाळी त्यांच्या डोक्यात घातली. जाळी गवताची होती आणि ओली होती. पंचनाम्यात 'हत्यार' या रकान्यात तसं व्यवस्थित लिहिलेलं आहे. महिनाभरात दोघांची दोस्ती झाली, टोळ्यांतली मुलं नोकरीधंद्याला लागली, कुणी शेंद्र्याच्या कंपनीत गेलं, कुणी फुलंब्रीला मंगल कार्यालय काढलं. खटला तेवढा चालू राहिला. तो मिटवायला कुणाला वेळ झाला नाही.

रजिस्टरात नाव असल्यामुळे सण आला, निवडणूक आली की दादांना ठाण्यात बोलावणं यायचं. शांतता राखीन अशा बाँडवर सही करायची आणि दिवसभर बाकावर बसायचं. दादा त्यासाठी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, डबा घेत. सोबत पिशवीत पकड, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पंप असायचा, कारण ठाण्यातला कूलर कधीच धड नसे. मी पाहिलं होतं की दादांपासून समाजाला असलेला धोका मार्चअखेर अचानक वाढायचा, सण असो वा नसो. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"सर, त्यांना बी उकडतंच की," दादा म्हणाले. "आन बाहेर मेकॅनिक बोलवायचा तर कागद लई करावे लागतेत. मला बोलवायला एकच लागतो."

आता पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि तासभर टिकतं. त्या तासात प्रत्येक घर नळाला मोटार लावतं. पुढच्या घरांच्या टाक्या भरून वाहतात, मागच्या घरांचे नळ नुसते फुरफुरतात. माझं घर गल्लीच्या अगदी शेवटी आहे. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे दादांबद्दलच्या माझ्या भावनांविषयी पुढे गैरसमज नको.

दादांनी नियम केला होता: पहिला अर्धा तास कुणी मोटार लावायची नाही. हा नियम महापालिकेचाही होता म्हणे, पण महापालिकेला व्रण नव्हता. पाण्याच्या दिवशी दादा हात मागे बांधून गल्लीतून फिरायचे. पंप आणि मोटारींत जन्म गेलेला माणूस. भिंतीआड, गोधडीखाली लपवलेली मोटारसुद्धा त्यांना ऐकू यायची. ते थांबायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "देशमुखाची अर्ध्या हॉर्सपॉवरची हाय. बेअरिंग गेलंय तिचं." मग दारासमोर उभं राहून खाकरायचे. आतली मोटार बंद व्हायची. देशमुख हे निवृत्त अधिकारी, एरवी कुणाचं ऐकत नसत. खाकरण्याच्या पलीकडे दादांना कधी जावं लागलं नाही. त्या खाकरण्याला खरं तर दम्याचं कारण होतं, पण तेही कुणी मान्य केलं नसतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना गुंडांची नवी पिढी आली. ही मुलं कोयता घेऊन मोबाइलवर रील काढत. भर रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून तलवारीनं कापत. चौकात त्यांचे शुभेच्छांचे फ्लेक्स लागत, आणि त्यावर शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो वाढदिवसवाल्याच्या फोटोपेक्षा जास्त असत. दादांना हे पटत नसे.

"केक कापाया तलवार?" ते म्हणायचे. "त्यो केक तर बोटानं बी कापतो. आन तोंडाला फासायचा कशाला? खायचा पदार्थ हाय ना त्यो?"

त्यातल्या काहींनी खरंच एका दुकानदारावर कोयता चालवला, पेपरात आलं, आणि मग वरून आदेश सुटला: शहर टोळीमुक्त करायचं. रील काढणाऱ्या मुलांना पकडून त्यांच्याच चौकातून चालवत नेलं. ती सगळी लंगडत होती. पळताना पाय घसरून पडली असं सांगण्यात आलं. लोकांनी त्यांचेही रील काढले. प्रत्येक ठाण्याला आपल्या हद्दीतल्या टोळ्यांची यादी द्यायची होती, आणि प्रत्येक यादीतून काही तडीपार करायचे होते. आमच्या ठाण्यात नुकतेच आलेले फौजदार तरुण आणि कामसू होते. त्यांनी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. पहिल्या पानावर दादा होते.

नोटीस आली. तुमच्या दहशतीमुळे परिसरातले लोक जीव मुठीत धरून राहतात, तुमच्याविरुद्ध उघडपणे बोलायला कुणी धजावत नाही, तरी तुम्हाला जिल्ह्यातून एक वर्षासाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा करा. सुमनकाकूंनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"ह्यांच्या दहशतीमुळं?" त्या म्हणाल्या. "सर, ह्यांनी घरात साधा उंदीर मारला नाय. त्यो बी मलाच माराया लावतेत."

दादांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "दुकान इथं, घर इथं. साठीला आलो. आता कुठं जायाचं, सर?" त्यांचा एक डोळा तेव्हा बारीक झालेला नव्हता. दोन्ही उघडे होते आणि त्यांत मला पहिल्यांदाच भीती दिसली.

मी त्यांना धीर दिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं मराठी शिकवलेलं आहे. गल्लीच्या वतीनं अर्ज मीच लिहायचा हे ओघानंच आलं. एरवी मला सरकारी भाषेच्या भपक्याचा तिटकारा. सत्काराच्या भाषणांत मी घड्याळ बघतो. पण त्या रात्री जेवण झाल्यावर कागद पुढे घेतला आणि काय झालं कोण जाणे, लेखणी सैल सुटली. 'खंडूदादांचा शब्द हाच आमच्या गल्लीचा कायदा आहे,' असं मी लिहिलं. 'त्यांच्या केवळ खाकरण्यानं उभ्या गल्लीला शिस्त लागते. मोठमोठे अधिकारीही त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ धजत नाहीत. त्यांच्या आज्ञेशिवाय आमच्या गल्लीत पाण्याचा थेंबही हलत नाही.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जरा जास्त नाही का होत?" मी म्हणालो, "तुला गद्यातलं कळत नाही."

अर्जावर एकशे बारा सह्या झाल्या. रऊफभाईंनी शेजारच्या गल्लीतूनही आणल्या. आम्ही पन्नासेक जण अर्ज घेऊन ठाण्यावर गेलो. फौजदारांनी तो उभ्यानं वाचायला घेतला, मग बसले, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उजळत गेला. मला वाटलं, माणूस रसिक आहे.

"सर," ते म्हणाले, "दहशतीबद्दल बोलायला मला दोन साक्षीदार पाहिजे होते. नाव गुप्त ठेवतो म्हणालो तरी मिळेनात. तुम्ही एकशे बारा दिलेत, सह्यांसकट." मग त्यांनी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या जमावाकडे पाहिलं. "आणि हे सगळे त्यांच्यासाठी काम सोडून आलेत?"

"एका शब्दावर," मी म्हणालो. अजूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रऊफभाईंच्या आलं. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्या सर," ते म्हणाले, "पच्चीस साल पहले मैं भी इसको मारा था. पर इतना नै मारा."

हद्दपारीच्या आदेशात माझा अर्ज जवळजवळ अख्खा उतरवून घेतलेला होता. माझ्या कुठल्याही लिखाणाची एवढी दखल आजवर घेतली गेलेली नाही. दादांकडे जायला मला दोन दिवस लागले. पायरीवरच उभा राहिलो आणि चुकलो म्हणालो.

"चुकले कसं?" दादा म्हणाले. त्यांच्या हातात आदेशाची प्रत होती. "पोरीच्या लग्नात बी माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. 'उभ्या गल्लीला शिस्त लागते.' लई भारी, सर." ते खरंच तसं म्हणत होते, यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना. आदेशाचं ते पान त्यांनी लॅमिनेट करून घेतलं आणि पिशवीत पकडीशेजारी ठेवलं.

शेंद्र्याच्या पुढे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की काकूंचं माहेर आहे. दादा तिथं मेहुण्याकडे गेले. कायद्यात तडीपारीची शिक्षा आहे, वर्षभर सासुरवाडीला राहण्याची नाही. ती दादांना वर मिळाली. एसटीत बसताना त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, "अर्धा तास. आधी मोटार लावायची नाय." काकूही बरोबर गेल्या. दुकानाला कुलूप लागलं.

पहिल्या पाण्याला आम्ही मोबाइल स्पीकरवर लावून गल्लीतून फिरवला. दादा पलीकडून ऐकत होते. "थांबवा," ते म्हणाले. "देशमुखाची. बेअरिंग अजून बदललं नाय त्यानं." मग मोबाइलमधून ते खाकरले. मोटार बंद झाली. दुसऱ्या पाण्यालाही जमलं. तिसऱ्या पाण्याला देशमुखांनी बेअरिंग बदललं. चौथ्या पाण्याला सगळ्यांनीच मोटारी लावल्या आणि भांडणं झाली. पोलीस बोलवावे लागले. टोळीप्रमुख हद्दपार झाल्यानंतर आमच्या गल्लीत पोलीस आले ते तेव्हा, आणि नंतर दर पाण्याला. माझ्या नळाबद्दल काही बोलत नाही.

अशा वेळी दादांच्या वकीलसाहेबांनी शोध लावला की हद्दपार माणसाला कोर्टाच्या तारखेपुरतं शहरात येता येतं. आणि तारीख होती! तोच तो ओल्या जाळीचा खटला. वकीलसाहेब उत्साहानं म्हणाले, "दादा, एका झटक्यात मिटवून टाकतो. फिर्यादी तुमचाच दोस्त आहे."

"मिटवू नका," दादा फोनवर म्हणाले. "साहेब, ही केसच आता माझं घर हाय."

मग सगळ्यांनी मिळून तो खटला जपला. रऊफभाई दर तारखेला डॉक्टरची चिठ्ठी पाठवत. त्यांना त्या चार-पाच महिन्यांत काविळीपासून कंबरदुखीपर्यंत सगळं झालं. जमेल तेव्हा वकीलसाहेब पाण्याचा अंदाज घेऊन तारीख मागत. पाण्याची तारीख कोर्टाच्या तारखेपेक्षा बेभरवशाची, तरी दोनदा जुळली. त्या दोन्ही दिवशी दादा सकाळच्या एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. कोर्टात हजेरी लावून थेट गल्लीत, हात मागे बांधून एक फेरी. मोटारी आपोआप थांबल्या. मी दारात बादली घेऊन उभा होतो. दादा शेवटी माझ्यापाशी आले आणि नळ बघत म्हणाले, "येतंय ना, सर?" येत होतं. बोटाएवढी धार, पण येत होतं. सहाच्या आत त्यांना हद्द ओलांडायची असे, म्हणून चहा न घेताच ते निघत.

हे फार दिवस चाललं नाही. चिठ्ठ्यांना कंटाळून न्यायाधीशांनी फिर्यादीच्याच नावानं वॉरंट काढलं. रऊफभाईंना भट्टीवरून उठवून कोर्टात उभं केलं. हाताला पीठ तसंच.

"आरोपीनं तुम्हाला मारलं होतं का?"

रऊफभाईंनी दादांकडे पाहिलं. दादा हळूच मान वरखाली करत होते, हो म्हण, हो म्हण. पण शिक्षा झाली तर? रऊफभाई चांगलेच पेचात पडले. "साहेब, मारलं का नाय ते आता याद नाय," ते म्हणाले. "पण कूलर तवापासून झकास चालतो."

दादा निर्दोष सुटले. पेढे वाटले गेले. वकीलसाहेबांनी अभिनंदन केलं. आणि निर्दोष ठरल्यामुळे आता दादांना शहरात यायला काहीच कारण उरलं नाही. मुदतीचे सात महिने बाकी होते. हार गळ्यात तसाच ठेवून ते एसटी स्टँडवर गेले. त्या हारामुळे कंडक्टरनं त्यांना पुढारी समजून खिडकीची जागा दिली. रऊफभाई खिडकीखाली उभे होते. "गलती हो गई रे खंडू," ते म्हणाले. दादांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या मनगटावरचं पीठ झटकलं. पाणी दुसऱ्या दिवशी होतं.

मुदत संपली तेव्हा आम्ही त्यांना आणायला रऊफभाईंच्या टेम्पोतून गेलो. वकीलसाहेब होते, देशमुखही होते. दर पाण्याला पोलीस येण्यापेक्षा खाकरणं परवडलं, असं ते स्वतःहून म्हणाले. हार होता, शाल होती, आणि मी लिहिलेलं मानपत्र होतं. या वेळी मी ते आधी बायकोला दाखवलं आणि तिनं खोडलेलं सगळं गाळलं. चार ओळी उरल्या.

दादा मेहुण्याच्या ओसरीवर दोन कूलर उघडून बसले होते. गावात त्यांचा चांगला जम बसलेला दिसत होता. त्यांच्या नावाला इथं ऊर्फ नव्हतं. व्रणाबद्दल कुणी विचारलं तर ते 'पत्रा लागला' म्हणत आणि गाव त्यावर विश्वास ठेवत असे. भर दुपारी सुमनकाकू अंगणात नळीनं गोठ्याचा कोपरा धूत होत्या. तो धुऊन झाल्यावर त्यांनी उंबरा धुतला, मग आमचा टेम्पो उभा होता तिथली फरशीही धुतली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. मी मानपत्र वाचलं. दादांनी शाल पांघरून घेतली आणि म्हणाले, "ह्येची बी एक कापी द्या, सर. लॅमिनेशन करतो."

"मग निघायचं ना दादा?" देशमुख म्हणाले. "गल्ली वाट बघतीय."

दादांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नळी तुळशीकडे वळवली आणि पाठ फिरवली. दादा एक डोळा बारीक करून हातातल्या पत्र्याची धार बघत राहिले. "येतो की," ते म्हणाले. "पाव्हणा म्हणून येतो. दिवाळीला."

परत येताना टेम्पोत गंभीर चर्चा झाली. देशमुख म्हणाले, माणूस दुखावला गेला. वकीलसाहेब म्हणाले, व्यवस्थेवरचा विश्वास उडाला की असंच होतं. मी वानप्रस्थावर काही बोललो, ते चांगलं झालं होतं. रऊफभाई गाडी चालवत होते. मागच्या बाजूला त्यांनी काकूंकडून भरून घेतलेले दोन कॅन हिंदकळत होते.

तिथं नळाला रोज पाणी येतं.